सांडपाण्याचे एकच मोठे जाळे, की गावोगावी लहान प्रकल्प?

मांडवीकाठ :
पणजीचे सांडपाणी टोंकला, मडगावचे शिरवड्याला आणि वास्कोचे बायण्याला, म्हणजे त्या त्या शहराच्या मोठ्या शुद्धीकरण प्रकल्पात, जाते. शहरांपुरती ही व्यवस्था मला मान्य आहे. मात्र 2001 साली गोव्याचे मलनिस्सारण महामंडळ स्थापन झाल्यापासून, आणि 2007 मध्ये जपानकडून कर्ज मिळाल्यावर अधिकच, तेच वाहिन्यांचे जाळे किनारी गावांतही पसरवण्याचा जो आग्रह धरला गेला, त्याला माझा विरोध आहे. वाहिनीत गाळ बसू नये यासाठी सांडपाण्याला सेकंदाला किमान 0.6 मीटर वेग लागतो. 150 मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीत हा वेग मिळवायचा, तर किलोमीटरमागे पाच-सहा मीटरांचा उतार द्यावा लागतो. कळंगुट-कांदोळीची किंवा कोलव्याची जमीन एवढी कुठे उतरते? मग चर खोल जातो, खाली वाळू आणि पाणी लागते, आणि शेवटी ठिकठिकाणी विहीर बांधून तेच सांडपाणी पंपाने पुन्हा वर उचलावे लागते. सगळे गाव असे विजेच्या भरवशावर ठेवण्यापेक्षा प्रभागापुरता लहान शुद्धीकरण प्रकल्प बांधावा आणि शुद्ध केलेले पाणी तिथल्याच बागांना द्यावे, असे माझे मत आहे.

पंपवाला :
मांडवीकाठ बाब, उताराचा हिशेब आपण बरोबर मांडलात, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. पंपिंग स्टेशनवर नोकरीची बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घरांतून येणारे पाणी आधी जाळीवर येते. प्लास्टिकच्या पिशव्या, सॅनिटरी पॅड, चिंध्या, नारळाची किशी असे सगळे तिथे अडते, आणि ती जाळी साखळीने वर ओढून रोज साफ केली नाही तर पाणी मागच्या चेंबरांत तुंबते. जाळीतून सुटलेले पाणी विहिरीत जमते. पाण्यावर तरंगणारा फ्लोट ठरावीक पातळीपर्यंत वर आला की एक पंप सुरू होतो, पातळी आणखी चढली की दुसरा, आणि एक पंप नेहमी राखीव असतो. सांडपाणी फार वेळ साठले की सडते, म्हणून सरासरी प्रवाह धरून ते अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नये इतकीच विहीर ठेवण्याचा संकेत आहे. समजा, सरासरी प्रवाह सेकंदाला 20 लिटर आहे. अर्ध्या तासाचे 36 हजार लिटर झाले. सकाळी सगळे एकाच वेळी न्हाणीघरात असतात तेव्हा प्रवाह अडीचपट धरतात, आणि त्या वेळी वीज गेली तर रिकामी विहीरसुद्धा 12 मिनिटांत भरते. त्यामुळे जनरेटर आपोआप सुरू झाला पाहिजे, त्यात डिझेल असले पाहिजे आणि तो अधूनमधून चालवून पाहिलेला असला पाहिजे. हे तिन्ही जिथे सांभाळले जाते, तिथे वीज गेल्याचे कोणाला कळतसुद्धा नाही.

आता लहान प्रकल्पाकडे पाहा. त्यालाही वीज लागतेच, उलट हवा देणारा ब्लोअर तासन्‌तास चालवावा लागतो. वीजबिल वाचवण्यासाठी तो रात्री बंद ठेवणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. हवा बंद झाली की घाण खाणारे जिवाणू मरू लागतात आणि घाण होती तशीच बाहेर पडते. मोठ्या जाळ्यात निदान पाळीवर एक माणूस असतो, आणि काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असते. असे पन्नास प्रकल्प गावोगावी झाले, तर त्यांची रोजची तपासणी कोण करणार?

बार्देशकर :
पंपवाला भाऊ, आपण पावसाळ्याला बगल दिलीत. आमच्या भागात अंगणात पाणी साचले की लोक बेधडक मॅनहोलचे झाकण उघडून ते आत सोडतात, आणि कित्येकांनी छताची पन्हळसुद्धा थेट चेंबरला जोडलेली आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढे पाणी ओढणारा पंप कोण बसवणार? शेवटी विहीर भरून वाहते आणि मिश्रण नाल्यात जाते. दुसरी अडचण पर्यटनाची. डिसेंबरात हॉटेले भरलेली असतात आणि जूनमध्ये तीच ओस पडतात. प्रवाह घटला की पंप क्वचित चालतो, पंपाच्या दाबाने पाणी नेणाऱ्या लांब वाहिनीत पाणी तासन्‌तास अडकून सडते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पुढे वाहिनी उताराची होते तिथे हाच वायू बाहेर पडतो आणि त्याचे आम्ल होऊन काँक्रीटचे छत पोखरले जाते. ही झीज रस्ता खचेपर्यंत वरून दिसत नाही. वाहिनी जितकी लांब, तितका हा धोका अधिक.

साष्टीकर :
पंपांवर एवढा वाद चालला आहे, पण घरजोडणीबद्दल कोणीच बोलत नाही. रस्ता खोदून झाला, वाहिनी पडली, चेंबरही बसले, तरी अनेक घरे अजून सेप्टिक टाकीवरच आहेत, कारण अंगण खोदायचा खर्च नको असतो आणि टाकी तूर्त ‘चालते’. ती चालते म्हणजे जांभ्याच्या भेगांतून शेजाऱ्याच्या विहिरीत झिरपते. साळ नदीची आज जी अवस्था आहे, तिच्यात हे झिरपणे, उघड्या गटारांत सोडलेले पाणी आणि रात्री टँकर रिकामे करणारे, या सगळ्यांचा वाटा आहे. जोडणी घ्यायला लावण्याचे अधिकार 2008 च्या मलनिस्सारण कायद्याने दिलेले आहेत. ते वापरायचे तर मतदारांना नोटिसा काढाव्या लागतात, त्यामुळे पुढचे सांगायला नको. जोडण्या कमी म्हणून प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणून बार्देशकर म्हणतात ते सडणे. लांबीपेक्षा हे कारण मला मोठे वाटते.

मांडवीकाठ :
साष्टीकरांचे म्हणणे मान्य केले तरी पर्यटनाचा चढउतार जोडण्या वाढवून जात नाही. जूनमधली हॉटेले जोडलेली असली तरी रिकामीच असणार.

पंपवाला :
तो चढउतार लहान प्रकल्पाला अधिक बाधतो. चार हॉटेलांचे पाणी आटले की तिथल्या जिवाणूंना खाद्यच उरत नाही. मोठ्या जाळ्यात निदान बारमाही वस्तीचे पाणी येत राहते. पावसाच्या पाण्याबद्दल मात्र बार्देशकर बाबांशी माझे भांडण नाही. छताच्या पन्हळी शोधायच्या तर वाहिनीत धूर सोडून पाहतात. बेकायदा जोड असेल तिथून धूर बाहेर येतो. काम एका सकाळचे असते, पण त्यानंतर ज्याच्या छतावरून धूर निघाला त्याच्या दारात जाऊन जोड तोडायची हिंमत पंचायतीने दाखवावी लागते.

बार्देशकर :
आणि ते छत पंचाच्याच मेव्हण्याचे निघाले, तर?