गाडी चार महिने उभी राहणार, टाकी भरू की रिकामी करू?

मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या आठवड्यात कामासाठी पुण्याला चाललो, परत थेट मार्चमध्ये. बाबांची जुनी स्प्लेंडर तोवर दारव्ह्याजवळच्या गावी कोठ्यात राहील. घरी आई एकटीच, तिला किक मारणं जमत नाही.

ऑइल बदललं, बॅटरी काढून घरात ठेवतो, कार्बोरेटरही रिकामा करतो. अडलंय टाकीपाशी. रिकामी ठेवली तर आतून गंजते. भरावी तर आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढतं. शिवाय बाजूलाच वेचलेला कापूस रचलाय, त्याचीही धास्ती.

आणि उंदीर! मागच्या हिवाळ्यात हेडलाइटमागच्या वायरी कुरतडल्या, एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं मऊ घरटं केलं, त्यात सरकीसुद्धा. डांबरगोळ्यांनी खरंच फरक पडतो का? बाबांची गाडी आहे, खराब होऊ द्यायची नाही.