'जपणे' म्हणजे नक्की काय? हिंदी मैत्रिणीला कसं समजावू?

निळी शाई
साधीच शंका आहे पण दोन दिवस डोक्यात घोळतेय. माझी एक मैत्रीण मराठी शिकतेय, मातृभाषा हिंदी. परवा फोन ठेवताना मी सवयीने म्हटलं "चल, जप गं स्वतःला" तर ती गप्पच झाली, मग म्हणाली स्वतःच्या नावाचा जप कशाला करायचा? तेव्हा लक्षात आलं की हिंदीत जपना म्हणजे फक्त नामजप. मी सांगितलं की काळजी घे असा अर्थ आहे. त्यावर तिचा पुढचा प्रश्न, मग नाती जपतो, आठवणी जपतो, छंद जपतो, तिथे काळजी घेणं कुठे बसतं? आणि सांभाळणं, जतन करणं, जीव लावणं हे सगळं एकच का? मला धड उत्तर देता आलं नाही आणि खरं सांगते वाईट वाटलं, रोज तोंडात असलेला शब्द आणि आपल्यालाच सांगता येऊ नये. शिवाय 'ला' कुठे लावायचा यातही ती फार गोंधळते. कोणी नीट उलगडून सांगेल का?

उंबरठा
आधी 'ला'चं बघू, ते सोपं आहे. माणूस असेल तर ला/ना येतोच, आईला जप, मुलांना जप. तब्येत आणि जीव यांनाही लागतो, तब्येतीला जप, जिवाला जप. बाकी नाती, आठवणी, छंद, वारसा यांना काही लावायचं नाही. भूतकाळात पण तसंच, तिने नाती जपली, त्याने छंद जपला, पण तिने आईला जपलं.

'जपून' हा वेगळा शिकव कारण तो दिवसातून दहा वेळा लागतो. जपून जा, पायऱ्या ओल्या आहेत. जपून वापर. जपून ठेव. पण "जपून बोल" हे आवाजावर आहे, प्रेमाने म्हटलं तर सल्ला आणि दात आवळून म्हटलं तर दम.

आता सांभाळणे. सांभाळायला माया लागतेच असं नाही. माणूस ऑफिसचे हिशोब सांभाळतो, कोणाची बॅग पाच मिनिटं सांभाळतो, तिथे जपतो म्हटलं तर कानाला खटकेल. जतन हा शब्द 'यत्न'वरून आलाय, तो जुन्या पोथ्या, हस्तलिखितं अशा गोष्टींना शोभतो. आजीला कोणी जतन करत नाही, आजीला जपतात.

पानगळ
उंबरठा यांनी छान सांगितलंय, मी फक्त एका वाक्प्रचाराबद्दल लिहिते कारण माझ्या मते सगळा अर्थ त्यात आहे, तळहाताच्या फोडासारखं जपणे. तळहातावर फोड आलेला असला की काय होतं आठवून बघा, मूठ मिटता येत नाही, बादलीची कडी धरताना बोटांच्या टोकांवर धरावी लागते, दार ढकलायचं तर कोपराने, झोपेतसुद्धा हात उताणा ठेवतो आपण. म्हणजे काम काही थांबत नाही, पण प्रत्येक काम त्या फोडाला सांभाळून. एखाद्याला जपणं म्हणजे हेच ना, की त्याला धक्का लागू नये म्हणून आपलं वागणं न सांगता थोडं थोडं बदलत जातं.

जीव लावणं मला वेगळं वाटतं. जीव लांबूनही लागतो, दोन वर्षं भेट नाही तरी लागलेला असतो. जपायला मात्र रोज काहीतरी करावं लागतं.

आणि नामजपाचं म्हणाल तर मला ते दोन अर्थ काही फार लांबचे वाटत नाहीत. माळ ओढताना लक्ष त्या एका मण्यावर असतं, जपतानाही लक्ष असंच एका ठिकाणी लागलेलं असतं. मैत्रिणीला असं सांगून बघ, पटकन कळेल.

कवडसा
एक राहिलं, मन जपणे. हे तिला जरूर सांग, कारण इथे शब्दाची दुसरी बाजू दिसते. समोरच्याचं मन जपायचं म्हणून आपण खरं बोलत नाही, नको असलेल्याला हो म्हणतो, आणि घरात बहुतेक वेळा एकाच माणसाच्या वाट्याला हे काम येतं. मी बरीच वर्षं केलंय, थकायला होतं. शब्द सुंदर आहे, माझं काही म्हणणं नाही, फक्त "सगळ्यांची मनं जपते हो ती" असं कौतुक ऐकलं की मला आधी तिला विचारावंसं वाटतं, तुझं कोण जपतं?

ओंजळ
कवडसा, पटलं. अगदी पटलं.

मी एक प्रसंग सांगते, व्याकरण मला जमत नाही. आई आजारी असताना तिची नखं मी कापायचे. म्हातारपणी नखं जाड होतात आणि तिचा हात थरथरायचा, त्यामुळे एक बोट माझ्या दोन बोटांत घट्ट धरायचं आणि अगदी कडेकडेने कापत यायचं, जिव्हाळी लागेल अशी भीती सारखी. ती डोळे मिटून म्हणायची "जपून गं". एकदा लागलीच, टिपूसभर रक्त आलं, तर तीच मला म्हणाली असू दे, होतं असं. तेव्हापासून मला जपणे म्हटलं की ते नखाखालचं गुलाबी मांस दिसतं. जिव्हाळा आणि जिव्हाळी हे शब्द एकमेकांच्या इतके जवळ का आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

निळी शाई
ओंजळ, काय लिहू कळत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, मैत्रिणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं, फोडाचं तिला लगेच समजलं. तिचा शेवटचा एक प्रश्न, फोन ठेवताना समोरचा "जप" म्हणाला तर उत्तर काय द्यायचं?

उंबरठा
बरोबरीचं माणूस असेल तर "हो, तू पण". मोठं कोणी म्हणालं तर नुसतं "हो" पुरे.