राजवाड्यांनी कोणते कोर्सवर्क केले होते?

टिपणवही

परवा ‘प्रबंध किती वर्षांत पूर्ण होतो’ या चर्चेत येथील सदस्य सडेतोड यांनी असे लिहिले की, शोधनिबंध कसा वाचावा आणि प्रबंध कसा लिहावा हे शिकवता येत नाही, ते वर्गात शिकवणे म्हणजे काठावर उभे राहून पोहायला शिकवणे आहे. शेवटी त्यांनी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांचे उदाहरण देऊन विचारले, ‘राजवाड्यांनी कोणते कोर्सवर्क केले होते?’ (कोर्सवर्क म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीला करावे लागणारे सक्तीचे वर्ग.) त्यांच्या म्हणण्याला अनेकांनी दुजोरा दिला. मला ते इतके खटकले की वेगळा धागा काढून सविस्तर लिहीत आहे.

इतिहासात पीएच.डी.साठी नोंदणी केली तेव्हा मी एम.ए.ला चांगले गुण मिळवलेली विद्यार्थिनी होते आणि आपल्याला वाचता येते याबद्दल मला कधी शंका नव्हती. पहिले आठ महिने मी प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, पिवळ्या पेनने ओळी रंगवल्या आणि दोनशे पानांची वही उताऱ्यांनी भरून काढली. त्यानंतर मार्गदर्शकांनी त्यांतल्याच एका पुस्तकाबद्दल विचारले, ‘या लेखकाचा वाद कोणाशी आहे?’ मला उत्तर देता आले नाही. त्याहून वाईट गोष्ट पुढे लक्षात आली. मी अवतरणचिन्हे दिलेली नव्हती, पानांचे आकडे कुठे होते तर कुठे नव्हते, आणि वहीतले वाक्य लेखकाचे की माझे हे मलाच ओळखता येत नव्हते. ती वही तशीच प्रबंधात उतरली असती तर मी वाङ्मयचौर्य केले असते, तेही नकळत.

विभागातल्या एका निवृत्त प्राध्यापिका मला ग्रंथालयात घेऊन बसल्या. त्यांनी पुस्तक उघडले ते मागून. आधी संदर्भसूची पाहिली आणि कोणते दप्तर, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा कोणता संग्रह, वापरला आहे, कोणता वापरलेला नाही, हे मला शोधायला लावले. मग अनुक्रमणिका, मग प्रस्तावनेची शेवटची चार पाने, मग समारोप. त्यानंतर एक कोरे कार्ड पुढे ठेवून म्हणाल्या, ‘वर लेखकाचा दावा एका वाक्यात, तुझ्या शब्दांत लिही. खाली त्याचा सर्वांत भक्कम पुरावा पान क्रमांकासह लिही. मागच्या बाजूला तुला काय पटले नाही ते लिही, आणि ती बाजू कोरी राहिली तर पुस्तक वाचून झाले असे समजू नकोस.’ ही दुपार कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती, पण ते शिकवणेच होते आणि त्यातून मला शिकता आले.

राजवाड्यांचे नाव घेणाऱ्यांना मला सुखटणकरांची आठवण करून द्यायची आहे. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनमध्ये संस्कृतचे जर्मन अभ्यासक ल्यूडर्स यांच्या हाताखाली पद्धत शिकून आले आणि १९२५ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. १९६६ साली पूर्ण झालेल्या त्या आवृत्तीसाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. पोथ्या कशा जुळवायच्या आणि पाठभेद कसे नोंदवायचे हे एकाने दुसऱ्याला शिकवले, म्हणूनच सुखटणकर १९४३ साली गेल्यानंतरही ते काम थांबले नाही.

सडेतोड

ते विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. सुखटणकर बर्लिनला गेले, हे खरे. मग काण्यांचे काय? महामहोपाध्याय पां. वा. काणे पेशाने वकील होते आणि तरीही त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात पूर्ण केले. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करत राहिले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यांना कोणी क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमाचे श्रेयांक, मोजून दिले नव्हते.

आपण ज्या दुपारीचे वर्णन केले आहे ती भाग्यवंतांच्या वाट्याला येते. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो. कोर्सवर्कसाठी मी दर शनिवारी आणि रविवारी एस.टी.ने नव्वद किलोमीटर जात होतो. तिथे काय मिळाले? ‘संशोधन म्हणजे काय’ याच्या अकरा व्याख्या, नमुना निवडीचे प्रकार आणि गृहीतकाची वैशिष्ट्ये, तीही पडद्यावरून वाचून दाखवलेली. मराठी साहित्याच्या संशोधकाला काय-वर्ग ही संख्याशास्त्रातली चाचणी पाठ करावी लागली आणि परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची झाली. एकाही शिक्षकाने आमच्यापुढे एक लेख उघडून वाचून दाखवला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी एका सत्राचे कोर्सवर्क सक्तीचे केले, २०१६ साली किमान आठ क्रेडिट ठरली, २०२२ साली ती बारा झाली. आकडा वाढला, पण त्या खोलीत जे चालते ते तेच राहिले. त्या शनिवार-रविवारांत माझ्या वडिलांचे आजारपण होते आणि मी त्यांच्याजवळ नव्हतो, म्हणून मला या विषयावर गोड बोलता येत नाही.

द्रावण

मी रसायनशास्त्रातली आहे, त्यामुळे ही चर्चा वाचून आश्चर्य वाटले. आमच्याकडे शोधनिबंध क्रमाने कोणीच वाचत नाही. आधी गोषवारा, मग आकृत्या आणि तक्ते, मग निष्कर्ष, आणि निबंध कामाचा वाटला तरच प्रयोगपद्धती. दर शुक्रवारी एकाने एक निबंध सर्वांपुढे मांडायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या उणिवा काढायच्या, एवढ्यावर आम्ही वाचायला शिकलो. लिहितानाही आधी आकृत्यांचा क्रम लावतो आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहितो. टिपणवहीताईंची कार्डे मात्र मला कालबाह्य वाटतात. झोटेरोसारखे संदर्भ सांभाळणारे मोफत संगणकीय साधन असताना हाताने पान क्रमांक लिहीत बसण्यात कोणता लाभ आहे?

टिपणवही

लाभ हा की, साधन पुस्तकाचे नाव लक्षात ठेवते, पण माझी असहमती मलाच लिहावी लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशासाठी १९४८ पासून सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून हाताने एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या. ती प्रत्येक चिठ्ठी लिहिताना कोणीतरी ‘हा शब्द या ठिकाणी कोणत्या अर्थाने आला आहे’ असा निर्णय घेतला आहे. कार्ड संगणकावर करा, माझी हरकत नाही, पण तो निर्णय टाळू नका.

पोथीशाळा

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि मला वेगळाच प्रश्न रोज भेडसावतो. संशोधक माझ्याकडे वाचनाची पद्धत विचारायला येत नाहीत. ते येतात आणि म्हणतात, ‘सर, टक्के कमी करून द्या.’ हे टक्के म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याचा संगणकाने काढलेला आकडा. आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, दहा ते चाळीस टक्के असल्यास प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो आणि साठ टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. त्यामुळे सर्वांचे लक्ष त्या आकड्यावर असते. विद्यार्थी वाक्यातले ‘कारण’ काढून ‘सबब’ घालतात आणि आपण स्वतःच्या शब्दांत लिहिले असे समजतात.

परंतु मराठी प्रबंधांच्या बाबतीत तो आकडा कित्येकदा पूर्णपणे निरर्थक असतो. युनिकोड ही सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला प्रबंध पडद्यावर मराठी दिसतो, पण त्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी हाती येते. तपासणीच्या प्रणालीलाही तीच खिचडी दिसते, म्हणून अहवाल शून्य किंवा एक टक्क्याचा येतो आणि सगळे समाधानाने सही करतात. असेच कितीतरी प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आहेत आणि त्यांत शब्द शोधता येत नाही. पुढचा संशोधक वाचणार कसे?

सडेतोड

म्हणजे मी मूर्ख ठरलो. मी सगळा प्रबंध युनिकोडमध्ये स्वतः टंकला आणि माझा अहवाल तेवीस टक्क्यांचा आला, कारण मी संतांचे अभंग आणि जुनी पत्रे शब्दशः उद्धृत केली होती. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळावी, असे त्याच नियमांत लिहिलेले आहे. ते मी कार्यालयात दाखवले, तर ‘आम्हाला आकडा दहाच्या आत हवा’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी मी अभंग काढून त्यांचा सारांश लिहिला. अभंगाचा सारांश! साहित्याच्या प्रबंधातून साहित्य काढून टाकायला लावणाऱ्या व्यवस्थेने मला लेखनप्रक्रिया शिकवू नये.

पोथीशाळा

तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य आहे, पण तो नियमाचा दोष नाही. अहवाल काढताना अवतरणे वगळण्याची सोय निवडावी लागते, आणि प्रबंधात अवतरणचिन्हे नीट दिलेली नसतील तर यंत्र ती ओळखत नाही. तुम्ही अभंगांना अवतरणचिन्हे दिली होती का?

सडेतोड

अभंग आम्ही समास सोडून वेगळे छापतो. त्यांना अवतरणचिन्हे देण्याची रीत मराठीत नाही. आपण ग्रंथपाल असून मला हे सांगावे लागत आहे.

जोडाक्षर

गेली बावीस वर्षे मी डीटीपीचे, म्हणजे संगणकावर टंकन आणि पानांची मांडणी करण्याचे, काम करतो. विद्यापीठाच्या रस्त्यावर दुकान आहे. मी पीएच.डी. नाही, तरी कोणताही धागा असला की दोष शेवटी ‘टायपिंगवाल्या’वर येतो, म्हणून लिहितो.

जुना फॉन्ट आम्ही हट्टाने वापरत नव्हतो. बायंडिंगच्या प्रतीत अक्षर सुबक हवे, जोडाक्षरे फुटता कामा नयेत, असा गाइडचा आग्रह असायचा आणि त्या काळी युनिकोडमध्ये ते साधत नव्हते. त्या फॉन्टमध्ये अक्षराचा प्रत्येक तुकडा एकेका रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी दिसते डावीकडे म्हणून टंकायचीही आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, रफाराचेही तसेच उलटे. त्यामुळे रूपांतर केले की ‘कीर्ती’, ‘स्थिती’ असे शब्द एकेक करून तपासावे लागतात. चारशे पानांना चार दिवस जातात आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.

आता वाचनलेखनाचे विचाराल तर, आमच्यापुढे प्रबंध जसा बनतो तसा तुम्हा कोणालाही दिसत नाही. एक मॅडम प्रकरण तीनमधले दोन परिच्छेद शेवटच्या आठवड्यात प्रकरण पाचमध्ये हलवायला लावून गेल्या. खाली तळटीप होती, ‘तत्रैव, पृ. ११२’, म्हणजे वरच्या तळटिपेतलेच पुस्तक, पान ११२. नव्या जागी वरची तळटीप वेगळ्याच पुस्तकाची होती आणि त्या पुस्तकाला एकूण पाने शहाण्णव. मी विचारले तर म्हणाल्या, ‘राहू द्या, कोण बघतो?’ व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी नेमके तेच पान उघडले. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठजणांना हे माहीत नसते की कच्च्या खर्ड्यात ‘तत्रैव’ लिहायचेच नसते. पूर्ण नाव ठेवायचे आणि ‘तत्रैव’ अगदी शेवटी करायचे. हे त्यांना मी सांगतो, आणि माझ्या मते ते सांगणे माझे काम नव्हे.

द्रावण

जोडाक्षरदादा, संदर्भ साधनातून घातले तर हा प्रसंग येतच नाही, परिच्छेद हलवला की तळटीप आपोआप बदलते. मी कार्डांना कालबाह्य म्हटले ते या कारणाने.

टिपणवही

जोडाक्षर यांनी जे लिहिले त्यानंतर माझ्या धाग्याचा प्रश्न फॉन्टमध्ये हरवला अशी तक्रार करणार होते, ती करत नाही. परंतु सडेतोड, आपल्याला एक थेट विचारते. आपल्या खोलीत अकरा व्याख्या वाचून दाखवल्या गेल्या, यावरून ‘वाचन शिकवता येत नाही’ हे सिद्ध होते की ‘तिथे ते शिकवले गेले नाही’ हे? आपण स्वतःच लिहिले आहे की, एकाही शिक्षकाने लेख उघडून वाचून दाखवला नाही. म्हणजे काय हवे होते ते आपल्याला ठाऊक आहे. वाईट शिकवणीचा राग आपण शिकवण्यावर काढत आहात, आणि आपले वाचून कोणी नवा संशोधक ‘हे उपजत येते’ असे मानून माझ्यासारखी वही भरत बसला तर त्याचे वर्ष वाया जाईल. राजवाड्यांनाही मोडी कोणाकडून तरी शिकावी लागलीच असणार.

सडेतोड

‘असणार’ हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थिनीने वापरू नये.

बाकी, प्रश्न रास्त आहे. ‘शिकवता येत नाही’ हे माझे वाक्य जास्त झाले आणि ते मी मागे घेतो. ‘सध्या जसे शिकवतात तसे शिकवण्यापेक्षा न शिकवलेले बरे’ हे मात्र मागे घेत नाही. वडिलांविषयी मी जे लिहिले ते येथे लिहायला नको होते, पण ते खोटे नाही.

उंबरा

मी सध्या कोर्सवर्क करत आहे म्हणून थोडेसे. आमच्या वर्गात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटांचा पेपर आहे, ज्यात आम्हाला चौर्याच्या पातळ्या पाठ करायला लावतात. पण ‘स्वतःच्या शब्दांत’ म्हणजे नेमके काय हे कोणी दाखवत नाही. टिपणवहीताईंची कार्डाची रीत काल एका लेखावर करून पाहिली. वरचे एक वाक्य लिहायला पाऊण तास लागला आणि तो लेख मी आधी दोनदा वाचलेला होता. मागची बाजू अजून कोरी आहे. ती कोरी राहिली तर काय करायचे?

टिपणवही

लेखकाने जो पुरावा दिला आहे तो मूळ ठिकाणी जाऊन बघा. तळटिपेतले पत्र किंवा पान स्वतः काढून वाचा आणि लेखकाने त्यातले काय सोडून दिले ते शोधा. मागच्या बाजूला माझी पहिली ओळ अशीच आली होती. पत्राची तारीख लेखकाने दिली होती, पण पत्र कोणी कोणाला लिहिले ते दिले नव्हते.

जोडाक्षर

उंबरा, टंकायला सुरुवात केली नसेल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टंका आणि तळटिपांत पूर्ण नाव ठेवा. सडेतोड सर, तुमच्या मूळ खर्ड्यात अभंग अजून असतील तर फाइल जपून ठेवा. पुस्तक काढाल तेव्हा ते परत घालता येतील, रूपांतराचे काम पडणार नाही.