'बर्गी आले देशी': अंगाईत लूट जपावी का?

खंदक: कोलकात्यात शेजारच्या मासीमा नातवाला थोपटताना एक जुनी अंगाई म्हणतात. बाळ झोपलं, आळी निवली, बर्गी देशात आले. धान बुलबुलांनी खाल्लं, आता शेतसारा कशानं भरू? मी दारात दिसलो की हसतात, "आली बघ तुझी माणसं!" बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून दहाएक वर्षं बंगालवर जात होत्या. मला शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं, मासीमांनी सांगितलं. गाणं टिकलं ते बरंच झालं.

संत्राबर्फी: एकतर्फी आहे हो हे. बंगालचा नवाब अलिवर्दीखान, त्यानं १७४४ साली रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकरांना तहाच्या बोलणीला बोलावलं आणि सरदारांसकट कापून काढलं. त्याची अंगाई कुठाय? पाळण्यातल्या पोराला मराठा म्हणजे लुटारू हेच पाजायचं? पावणेतीनशे वर्षं झाली, पुरे की.

खंदक: भास्कररामांसाठी बंगालच्या आईनं का रडावं? धान तिचं गेलं. त्याच काळातल्या गंगाराम या बंगाली कवीनं 'महाराष्ट्र पुराणा'त नाक-कान कापल्याचं लिहून ठेवलंय. आपण सुरतेची लूट छाती फुगवून सांगतोच ना?

तिरकस: दोघंही गाणं नीट ऐका. बर्गी एका ओळीपुरते, बाकी सगळी साऱ्याचीच रड. शेवटी तर "थोडे दिवस दम धरा, लसूण पेरलाय" अशी गयावया. मागणारा बर्गी की नवाबाचा माणूस, हेही कळत नाही. ना साल, ना भोसले. याला इतिहास म्हणायचं?

खंदक: साल नाही म्हणूनच आजीच्या तोंडी राहिलं. आपल्याच भीतीनं कोलकात्यात 'मराठा डिच' खणायला घेतला होता. पुढे तो बुजवला, त्यावरून सर्कुलर रोड गेला. रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या किती जणांना खंदक आठवतो? (माझं टोपणनाव तिथूनच उचललंय.)

संत्राबर्फी: १७५१च्या तहातली बारा लाखांची चौथ आम्ही मिरवतो, हे कबूल. तरी पोरांच्या कानात भीती घालणं मला पटत नाही. आता खरं सांगतो, माझा जावई बंगाली आहे. नातीला तिची ठाकुमा हेच गाऊन झोपवते. उद्या तिनं विचारलं, "आजोबा, बर्गी म्हणजे कोण?" तर काय सांगू?

तिरकस: आधी लसणाचं सांगा. झोपली नाही तर मग घोड्यांचं.