महिना पंधराशेत कुत्रीला नीट खायला काय घालू? घर माळकरी आहे

अंबड_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सिडकोत पवननगरच्या बाजूला राहतो, अंबडला कंपनीत आहे, कॉन्ट्रॅक्टवर. घरी भुरी नावाची गावठी कुत्री आहे. वय तीन, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, वजन 18 किलो. खालच्या मजल्यावरचे काका त्यांच्या लॅब्राडोरच्या पोत्यातलं पॅकेटफूड हिलाही काढून द्यायचे. ते मुलाकडे पुण्याला गेले, कुत्र्यासकट. तेव्हापासून हिचं पोळी, दूध, वरण-भात आणि चहाबरोबरची बिस्किटं असं चाललंय. खाते आवडीने, पण केस मुठीमुठीने गळतात आणि शी सारखी पातळ.

महिना पंधराशेच्या वर जमणार नाही. दुसरी अडचण म्हणजे आई माळकरी. कांदा-लसूण चालतो, पण अंडं-मटण घरात नाही, आणि फ्रीजमध्ये तर नावच काढायचं नाही. मागच्या गॅलरीत वेगळी इलेक्ट्रिक शेगडी आणि वेगळी भांडी, एवढ्यावर कशीबशी राजी झालीये. तेही एकादशी सोडून. यात काय बसेल?

पाव_किलो_फरसाण

एवढा काय विचार करता राव! आमच्या आजोळी मळ्यातलं कुत्रं भाकरी आणि ताकावर म्हातारं होऊन मेलं. डॉक्टर म्हणून कधी बघितला नाही त्याने.

जेलरोडची_मावशी

फरसाणराव, मळ्यातलं कुत्रं भाकरी-ताकावर जगतं हे तुम्हाला वाटतं. दिवसभर ते उंदीर खातं, घुशी खातं, म्हैस व्याली की वार पळवतं, खाटकाच्या दारात बसतं. भाकरी ही त्याची वरची खिरापत. सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या भुरीला घूस कोण आणून देणार?

आता अंबड, तू नीट वाच. मी नाशिकरोडला राहते, घरची दोन आणि गल्लीतली येतील तेवढी, अशांचं रोज रांधते. पेन्शनीत भागवते, तेव्हा पैशाचं मला सांगू नकोस.

दूध आधी बंद कर. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, पातळ शी बहुतेक त्याचीच. चमचा-दोन चमचे दही किंवा बिनमिठाचं ताक चालतं. बिस्किटं पण बंद. मैदा आणि साखर, वर पैसे जातात ते वेगळेच.

पोळीचा गहू महाग पडतो, त्यापेक्षा तांदळाची कणी घे. घोटीकडचा तांदूळ विकणारे दुकानदार कणी वेगळी काढून ठेवतात, अख्ख्या तांदळापेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि कुत्र्याला दाणा तुटका की अख्खा याचं काही नसतं. त्यात मूठभर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ शिजव. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्याकडे ढीगभर येते, चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं, प्रमाण तांदूळ-गव्हापेक्षा कितीतरी जास्त. थंडीत बाजरी घातलीस तरी हरकत नाही. 18 किलोच्या, फार पळापळ नसलेल्या कुत्रीला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. कोरडी कणी दीडशे ग्रॅम आणि नागली तीस-चाळीस ग्रॅम, यात निम्म्याहून जास्त भागतं. चमचा-दोन चमचे तेल वरून घाल, केस त्यावाचून सुधारत नाहीत.

पण धान्य हा स्वस्तातला भाग झाला. तुझे पैसे जायला हवेत ते मांसावर, आणि इथेच लोक काटकसर करतात. चिकन घेऊ नकोस, पेठा घे, म्हणजे कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी पिशवी. कलेजी-पेठ्याचं गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव उतरलेला, आणि पेठ्यात हाड नाही. हा मोठा फायदा. मान-पाठ त्याहून स्वस्त मिळते, पण शिजलेलं कोंबडीचं हाड चावलं की टोकदार चिरफळ्या होतात, त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. मानेतले मणके एकेक निवडत बसायला तुला सेकंड शिफ्टनंतर वेळ आहे का? दिवसाला दीडशे ग्रॅम पेठा, बस. फ्रीज नाही म्हणतोस, तर सकाळी रोजच्यापुरता घे, लगेच शिजव, संपव. रोजचं गिऱ्हाईक झालास की दुकानदार आपणहून साफ करून ठेवतो. कलेजी आठवड्यातून एकदाच, दोन-तीन तुकडे. त्यात अ जीवनसत्त्व भरमसाट असतं, रोज घातली तर उलटं होतं. आणि श्रावणात गिऱ्हाईक आटतं तेव्हा चिकनवाले भाव पाडतात, त्या महिन्यात भुरीची चैन.

रोज एक अंडं उकडून. टरफल टाकू नकोस! धुऊन कडक उन्हात वाळव, तव्यावर जरा गरम कर, खलबत्त्यात कुट आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घे. बोटाला अजिबात कचकच लागता कामा नये, रांगोळीपेक्षा बारीक हवं. ही पूड रोज अर्धा चहाचा चमचा, त्यातून साधारण एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. ते अन्नातून मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. म्हणून ही पूड चुकवायची नाही.

भाजीत डांगर (लाल भोपळा), गाजर, दुधी, जे बाजार उठताना पडत्या भावात मिळेल ते. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात संध्याकाळी जा, पिशवी भरून येते. शिजवून कुस्करून घाल. एवढं सगळं धरून माझ्या हिशेबाने दिवसाला चाळीस-पंचेचाळीस रुपये होतात. आईंच्या एकादशीला सोयाबीनवडी भिजवून, पिळून, कणीबरोबर. वडीत निम्मं प्रोटीनच असतं.

दिंडोरीचा_बागायतदार

भुरी नाव वाचून पोटात गोळा आला, आमच्याकडे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाला भुरी म्हणतात, ही बया पानांवर येते आणि फवारणीचा खर्च करून जाते.

मावशींनी सगळं सांगितलं, एक राहिलं. नाशिकची दोन पिकं कुत्र्याच्या जिवावर उठतात: द्राक्ष आणि कांदा. आमच्या बागेत काढणीला खाली मणी पडतात, कुत्री हुंगत फिरतात. शेजारच्या बागेतल्या राखणीच्या कुत्र्याला दुपारी उलट्या सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी लघवी बंद. डॉक्टरांनी सलाइन लावलं, पण किडन्या गेल्या होत्या. एखादं कुत्रं घोसभर खाऊन ठणठणीत, एखादं चार मण्यांत आडवं, त्यामुळे किती चालेल हे विचारूच नका. बेदाणे तर आणखी वाईट, वाळून सगळं आटून आलेलं असतं. देवाच्या प्रसादातला शिरा देताना मनुका बघा.

परळला_शिकतोय

मूळचा नाशिकचा, पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला. बागायतदार काकांच्या माहितीत भर: द्राक्षातलं टार्टरिक आम्ल हे विषबाधेचं कारण असावं असं आता मानलं जातं. तेच आम्ल चिंचेत असतं. म्हणून चिंच-गुळाची आमटी भुरीला नको. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडरीतला, कसाही असला तरी तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. घरात कांदा चालतो म्हणालात, तर तिचं वरण फोडणी द्यायच्या आधीच काढून ठेवा.

भाताला मात्र लोक उगाच घाबरतात. लांडग्याकडे स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, कुत्र्याकडे कितीतरी जास्त. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं काढल्याचा परिणाम.

मावशींच्या जेवणाला माझा एकच आक्षेप आहे. 2013 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात घरगुती कुत्राजेवणाच्या 200 पाककृती तपासल्या होत्या, त्यातल्या 95 टक्क्यांत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. झिंक, ड आणि ई जीवनसत्त्व, आयोडीन या नेहमीच्या जागा. केस गळणं झिंकचंही असू शकतं, किंवा गोचीड, खरूज, थायरॉइड. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा दाखवा, खर्च नावापुरता येतो. तिथेच व्हिटॅमिन-मिनरलची पावडर वजनाप्रमाणे लिहून घ्या. चिमूटभर आयोडीनयुक्त मीठ चालेल. आणि पिल्लू असलेल्या कोणी हा तक्ता उचलू नका, वाढत्या हाडांचं गणित निराळं असतं.

जेलरोडची_मावशी

95 टक्के नापास, तर नापास. वरण-पोळी तुझ्या परीक्षेत बसलीच नसती. पावडर मात्र घे रे अंबड, पोरगं बरोबर बोलतंय. मी पण घालते.

पाव_किलो_फरसाण

सुकट नाही का चालणार? स्वस्त आहे, टिकते पण.

जेलरोडची_मावशी

जवळा चालतो, पण खारट असतो. कोमट पाण्यात भिजवून ते पाणी दोन-तीनदा फेकायचं. आणि माळकरी घराच्या गॅलरीत जवळा भाजला तर भुरीबरोबर अंबडलाही बाहेर झोपावं लागेल.

अंबड_सेकंड_शिफ्ट

मावशी, आई मागून वाचतेय आणि हसतेय. पेठा आजच बघून आलो, बसतंय बजेटमध्ये. दोन शंका. एकदम सगळं बदलू का? आणि मी रात्री बाराला घरी येतो, सकाळी शिजवलेलं रात्रीपर्यंत टिकेल का?

जेलरोडची_मावशी

एकदम नको, आठवडाभर लाव. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवीन, मग निम्मं, मग पाऊण. शी घट्ट राहिली तरच पुढे जा.

मांसाचं शिजवलेलं बाहेर बारा तास ठेवायचं नाही, उन्हाळ्यात तर दोन तासांतच वाईट व्हायला लागतं. सकाळी पेठा घातलेलं सगळं एकदम देऊन टाक. रात्रीचं आईंनाच घालू दे. कणी-नागली-डांगर, वरून दही किंवा सोयाबीनवडी, त्याला त्यांचा विरोध नसणार. अंडं तू आल्यावर उकड, दहा मिनिटांचं काम आहे. पेठ्याच्या आतलं पिवळं अस्तर दुकानातच सोलून घे, कुकरला चार-पाच शिट्ट्या कर, बारीक चिर.

महिन्याने वजन कर. आधी तू एकटा काट्यावर, मग तिला उचलून. अठराच्या पुढे जायला लागली किंवा बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या, की कणी कमी कर. पेठा नाही.