मदत हवी आहे : बायोसमध्ये व्हीकोरची सोय नाही, प्रीसेट जोडून व्होल्टेज वाढवावे, की पेन्सिलीने व्हीड्रूप कमी करावा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोर ई२१६० हा २००७ सालचा प्रोसेसर आणि जी३१ चिपसेटचा एक साधा मदरबोर्ड आहे. प्रोसेसरचा मूळ वेग २०० गुणिले ९, म्हणजे १.८ गिगाहर्ट्झ. तो मला ओव्हरक्लॉक करायचा आहे, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचा आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एफएसबी, म्हणजे ज्याला ९ ने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, वाढवता येतो, पण व्हीकोर, म्हणजे प्रोसेसरच्या कोरला मिळणारे व्होल्टेज, बदलता येत नाही, आणि माझे घोडे तिथेच अडले आहे. एफएसबी २६६ वर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झला, प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणी प्रोग्राम) रात्रभर चालवले तरी काही होत नाही. ३०० वर, म्हणजे २.७ गिगाहर्ट्झला, विंडोज नीट सुरू होते, परंतु दहा-अकरा मिनिटांत एका कोरवर चूक येऊन चाचणी थांबते. रॅम डीडीआर२-८०० आहे आणि एफएसबी आणि रॅमच्या वेगाचे गुणोत्तर खालच्या पायरीवर ठेवल्यामुळे ती ८०० च्या पुढे गेलेली नाही. तेव्हा दोष रॅमचा नसावा, असे धरून चाललो आहे.

चोकच्या (प्रोसेसरला वीज देणाऱ्या मंडलातील तारेच्या गुंडाळीच्या) प्रोसेसरकडील टोकावर मल्टिमीटरने मोजले तेव्हा खरे कारण बहुधा हाती लागले. व्हीआयडी (प्रोसेसर स्वतः मागतो ते व्होल्टेज) १.३२५ व्होल्ट आहे. संगणक रिकामा असताना १.२९ व्होल्ट मिळतात आणि दोन्ही कोरवर पूर्ण भार येताच ते १.२० वर उतरतात. म्हणजे ९० मिलिव्होल्टचा व्हीड्रूप (भार आल्यावर होणारी व्होल्टेजची घट) आहे, आणि प्रोसेसरला व्होल्टेजची सर्वाधिक गरज असते नेमके तेव्हाच ते सर्वांत कमी असते.

व्हीआरएमचा (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या मंडलाचा) कंट्रोलर इंटरसिल कंपनीचा असून त्याच्या ४८ पिना पोटाखाली दडलेल्या आहेत, त्यामुळे थेट पिनेला तार जोडणे शक्य नाही. डेटाशीट शेजारी ठेवून, मल्टिमीटरचा बीप ऐकत दोन संध्याकाळी शोध घेतल्यावर एफबी (फीडबॅक) पिनेला जोडलेला रेझिस्टर सापडला. तो जेमतेम १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद आहे. भिंगाखाली त्यावर ‘०१बी’ असा संकेत दिसतो, म्हणजे १ किलोओहम. बोर्डवरच मोजला तर शेजारच्या मार्गांमुळे आकडा कमी दिसतो, म्हणून मी छापील संकेतच प्रमाण मानला आहे. या रेझिस्टरचे दुसरे टोक प्रोसेसरकडून येणाऱ्या सेन्स रेषेला, म्हणजे तिथले व्होल्टेज कळवणाऱ्या रेषेला, जाते.

माझी समजूत अशी आहे की एफबी पिनेवरचे व्होल्टेज डॅकच्या (कंट्रोलरमधील व्हीआयडीनुसार संदर्भ व्होल्टेज बनवणाऱ्या भागाच्या) व्होल्टेजइतके राहील, हे कंट्रोलर सतत सांभाळत असतो. एफबीपासून ग्राउंडला एक रेझिस्टर जोडला, तर त्यातून वाहणारा प्रवाह या १ किलोओहममधूनच यावा लागतो आणि तेवढी भरपाई करण्यासाठी कंट्रोलर व्हीकोर वर उचलतो. २० किलोओहम जोडल्यास पाच टक्के वाढ होऊन १.३२५ चे १.३९ व्हावेत. मी ५० किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रू अनेक वेळा फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) आणला आहे, आणि त्याच्याशी एकसरीत १० किलोओहमचा एक कायमचा रेझिस्टर लावणार आहे. हा रेझिस्टर मला अत्यावश्यक वाटतो, कारण प्रीसेट चुकून शून्यावर गेला किंवा आतून शॉर्ट झाला, तर एफबी थेट ग्राउंडला जाईल आणि कंट्रोलर आपल्याकडचे सगळे व्होल्टेज प्रोसेसरवर ओतेल. १० किलोओहम मध्ये असले की कमाल मर्यादा १.४६ च्या आसपास राहते. पूर्वी एका जुन्या बोर्डच्या रॅमचे व्होल्टेज वाढवताना मी प्रीसेट कमाल रोधावर आणायचा विसरलो होतो; तो बोर्ड पुन्हा सुरू झाला नाही, आणि ती चूक मला दुसऱ्यांदा करायची नाही.

आता मुख्य शंका. माझ्या वाचनाप्रमाणे या कंट्रोलरमध्ये भाराच्या प्रमाणातला प्रवाह त्याच एफबी रेझिस्टरमधून जातो आणि त्यातूनच व्हीड्रूप निर्माण होतो. म्हणून त्या रेझिस्टरवर मऊ पेन्सिलीने ग्रॅफाइट घासून रोध कमी केला की व्हीड्रूपही कमी होतो, हे समजते. परंतु इंटेलने ही घट मुद्दाम ठेवलेली आहे. भार अचानक सुटला की चोकमध्ये साठलेली ऊर्जा कपॅसिटरमध्ये येते आणि क्षणभर व्होल्टेज उसळते. आधीची घट त्या उसळीला जागा देते, आणि ही उसळी साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही. शिवाय तोच रेझिस्टर कंट्रोलरच्या कॉम्पेन्सेशनचाही (फीडबॅक स्थिर ठेवणाऱ्या जोडणीचाही) भाग असल्याने, त्याचे मूल्य बदलल्यावर फीडबॅक लूप स्थिर राहील की नाही, याची मला खात्री वाटत नाही. माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही. म्हणून माझा कल पेन्सिलीला हात न लावता केवळ प्रीसेटने सगळीच पातळी वर नेण्याकडे आहे, मग रिकाम्या अवस्थेत थोडे जास्त व्होल्टेज राहिले तरी चालेल.

दुसरी काळजी व्हीआरएमच्या ताकदीची. बोर्डवर तीनच फेज (प्रवाह वाटून घेणाऱ्या शाखा) आहेत आणि मॉस्फेटवर (त्यांतील प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) हीटसिंक नाही. टीडीपी (उत्पादकाने दिलेला उष्णतेचा आकडा) हा मोजलेला खर्च नव्हे, तरी अंदाजापुरता ६५ वॅट धरला, तर मूळ वेगाला सुमारे ४९ अँपिअर, म्हणजे दर फेजला १६ अँपिअर लागतात. ३ गिगाहर्ट्झ आणि १.४० व्होल्टला तोच हिशोब १२१ वॅट आणि ८६ अँपिअरवर, म्हणजे दर फेजला २९ अँपिअरवर जातो. मॉस्फेटच्या रोधातून होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती तिप्पट होईल. सध्या २.४ गिगाहर्ट्झलाच मॉस्फेटला टेकवलेला थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) ७८ अंश सेल्सिअस दाखवतो, आणि लगतचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर त्याच उष्णतेत उभे आहेत. त्यामुळे ३ गिगाहर्ट्झचा हट्ट मी सोडला आहे, २.७ स्थिर मिळाले तरी पुरेसे आहे.

ज्यांनी असे काम स्वतः केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : एफबीवरील रोध न बदलता फक्त ग्राउंडकडे प्रीसेट लावल्यास लूपच्या स्थिरतेवर फरक पडतो का? काही कंट्रोलरमध्ये ऑफसेटसाठी, म्हणजे व्होल्टेजची पातळी वर-खाली सरकवण्यासाठी, स्वतंत्र पिन असते. तिचा वापर अधिक सुरक्षित ठरेल का? आणि मॉस्फेटवर थर्मल टेपने छोटे हीटसिंक चिकटवून वरून ८० मिलिमीटरचा पंखा लावणे पुरेल, की बोर्डच्या मागच्या बाजूनेही हवा द्यावी लागेल? नवा मदरबोर्ड घेण्याचा सल्ला कृपया नको. मला हाच बोर्ड समजून घ्यायचा आहे. उत्तरे येईपर्यंत सोल्डरिंग आयर्न बाहेर काढणार नाही.