मदत हवी आहे: संवादाच्या सीनमध्ये नजरा जुळत नाहीत

कसबेकर
कसबा पेठेतल्या वाड्यात लघुपट चालू आहे. खोली १० बाय १२ फूट, दार अरुंद बाजूला. आई जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरतेय, मुलगा ५ फुटांवर दारात उभा. कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स १८-५५ मिमीचा झूम आणि ५० मिमी. मास्टर (दोघंही दिसणारा पूर्ण सीनचा शॉट) आणि आईचा क्लोजअप खिडकीच्या बाजूने घेतलाय. मुलाचा मात्र समोरच्या भिंतीकडून, कारण तिथं ट्रायपॉडला जागा होती. आता एडिटमध्ये दोघंही उजवीकडेच बघतायत, जणू तिसऱ्याच कुणाशी बोलतायत. एखादा शॉट आडवा (आरशातल्यासारखा) उलटवला तर चालेल का?
शिवाय आईच्या मिड शॉटवरून क्लोजअपवर गेलं की चित्र उडी मारतं (कॅमेरा तिथंच, फक्त झूम ३५ चा ५५ केला होता), आणि ट्यूबलाइटमुळे पट्टे सरकतात. सेकंदाला ३० फ्रेम, शटर १/६० सेकंद. रविवारी अर्धा दिवस वाडा पुन्हा मिळतोय.

तिपाई
दोघांना जोडणारी रेषा ओलांडलीत. मास्टरमध्ये आई डावीकडे बसून उजवीकडे बघते, म्हणजे मुलाने प्रत्येक शॉटमध्ये डावीकडेच बघायला हवं. त्यासाठी कॅमेरा खिडकीच्याच बाजूला राहायला हवा.
आईचा शॉट उलटवू नका. मास्टरशी जुळणार नाहीच, वर पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि ते पहिल्याच सेकंदाला लक्षात येतं.

उजवा_डावा
मुलाचा उलटवता येईल की. फक्त चेहरा असेल तर शर्टाचा खिसा, दाराची कडी काही दिसत नाही. राहता राहिला केसांचा भांग.

तिपाई
भांग खपेल, उजेड नाही खपणार. खिडकीच्या बाजूने घेतलं की कॅमेऱ्याकडचा गाल उजळतो. भिंतीकडून घेतलेल्या शॉटमध्ये पलीकडचा गाल उजळलाय. उलटवल्यावर नजर फिरेल, उजेड पलीकडेच राहील. तो शॉट पुन्हाच घ्या.
आईच्या मागे २ फुटांवर, खिडकीकडच्या खांद्याजवळ कॅमेरा ठेवा. मुलापर्यंत ७ फूट होतात. ५० च्या लेन्सने तिथून सुमारे पावणेदोन फूट उंचीची चौकट मिळते, म्हणजे छातीपासून वर.
उंचीत खरी मेख आहे. बसलेल्या आईचे डोळे साधारण अडीच फुटांवर, उभ्या मुलाचे सव्वापाच फुटांवर. कॅमेरा आईच्या डोळ्यांच्या पातळीला ठेवलात तर २० अंशांचा लो अँगल होतो: नाकपुड्या, हनुवटी आणि वर तुळया. मुलगा उगाच दरडावतोय असं वाटेल. ४ फुटांवर ठेवा, तेवढ्यात तो उभा आहे हे कळतं. आईचा क्लोजअपही तेवढ्याच अंतरावरून, त्याच लेन्सने, ४ फूट उंचीवरूनच घेतलेला बरा, म्हणजे चेहऱ्यांचे आकार जुळतील. त्यासाठी कॅमेरा दाराबाहेर ओसरीवर न्यावा लागेल. मुलाचं काम करणाऱ्याला दारात उभं ठेवा. भिंतीवर चिकटपट्टीची खूण लावून नजर मिळते, पण डोळ्यांत काही येत नाही.

भिंग
उडीबद्दल: जागा तीच आणि आकारात किरकोळ फरक, म्हणून चित्र चुकून सरकल्यासारखं दिसतं. दोन शॉटमध्ये कॅमेऱ्याच्या कोनात निदान ३० अंशांचा फरक हवा. ७ फुटांवर तो साधारण साडेतीन फूट बाजूला होतो, अर्थात रेषेच्या अलीकडेच. आकारही ठळक बदला, कमरेपासूनच्या शॉटवरून थेट चेहऱ्यावर. कट आईने मान वर करतानाच्या हालचालीवर मारा.
आहे तेच वापरायचं असेल तर मध्ये विळीवरच्या हातांचा शॉट घाला. दोन पाटांवर कॅमेरा ठेवला की हातांची उंची मिळते.
पट्ट्यांबद्दल: आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५० मध्ये बरोबर दोन लुकलुकी बसतात, १/६० मध्ये पावणेदोनच्या आसपास, त्यामुळे दर फ्रेमला उजेड वेगळा पडतो. रविवारी २५ फ्रेमवर जाऊ नका, जुन्या ३० शी हालचाल जुळणार नाही. फ्रेम ३० च ठेवा, फक्त शटर १/५० करा. जुन्या शॉटमधले पट्टे सॉफ्टवेअरने कमी होतात, पुरते जात नाहीत.

कसबेकर
आभार! अजून एक. पुढे मुलगा आत येऊन आईच्या पलीकडे जाऊन बसतो. मग रेषा कुठली?

तिपाई
तो चालेल तशी रेषा त्याच्याबरोबर फिरते. अट एकच, तो दारातून निघून बसेपर्यंतचा शॉट मध्ये न तोडता दाखवा. १८ ला ठेवून खिडकीच्या कोपऱ्यातून दोघंही आरामात मावतात. तो बसला की आई उजवीकडे आणि तो डावीकडे येईल, पुढचे क्लोजअप त्याप्रमाणे घ्या.
अवांतर: १८ वर असताना चेहरा कॅमेऱ्याच्या ३ फुटांच्या आत येऊ देऊ नका, नाक फुगतं.

उजवा_डावा
उजेडाचं पटलं. उलटवायचं मागे घेतो.